शत्रूच्या अंगावर शेजाऱ्याची खूण नको

दिवाळी आली की अंगणाअंगणांत किल्ले उभे राहतात. दगड-विटा रचायच्या, वर गोणपाट, त्यावर मातीचा लेप आणि तटाच्या उतारावर अळीव. मग बाजारातून चित्रं आणायची. सिंहासनावर शिवाजी महाराज, दरवाज्यात भालदार, पायथ्याशी गावकरी. इथवर सगळं आनंदाचंच असतं. लढाईचा देखावा मांडायची वेळ आली की मात्र शत्रू कसा दाखवायचा, हा प्रश्न येतो. त्याचं उत्तर आपण फार सहज, विचार न करता देतो. हिरवा झगा, दाढी, चंद्रकोरीचं निशाण. झाला शत्रू तयार!

हे निशाण कुठल्या राज्याचं, हे मुलांना कुणी सांगितलेलं नसतं. त्यांनी ते शेजारच्या दर्ग्यावर पाहिलेलं असतं. म्हणजे नकळत आपण सतराव्या शतकातल्या एका फौजेऐवजी आजच्या शेजाऱ्याला किल्ल्याखाली उभं करतो. आणि नाट्य बसवायचं ठरलं की ‘तू खान हो’ म्हणून कुणाकडे बोट जातं, तेही आपल्याला ठाऊक आहे. त्या मुलाचं नाव वेगळं, म्हणून वर्षानुवर्षं मरण्याची भूमिका त्याचीच. तो हसत हसत मरतो, कारण त्याला खेळातून बाहेर पडायचं नसतं. याला खेळ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

देखावे बंद करा, असं मी म्हणत नाही. २००९ च्या गणेशोत्सवात मिरजेत अफझलखान वधाच्या कमानीवरून दंगल पेटली, संचारबंदी लागली. तेव्हापासून काही जण म्हणतात, असले प्रसंग दाखवूच नयेत. तर काही जण म्हणतात, मुद्दाम दाखवावेत. दोघांनाही इतिहासाशी कर्तव्य नाही. प्रतापगडाच्या पायथ्याशी झालेली महाराज आणि अफझलखान यांची १० नोव्हेंबर १६५९ ची ती भेट महाराष्ट्राच्या इतिहासातून काढता येत नाही, काढूही नये. पण ती पूर्ण दाखवा. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर कुलकर्णी होता. खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाला होता. महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता. ही तीन चित्रं जागेवर ठेवली की देखाव्याचा अर्थच पालटतो. लढाई राज्यांची होती, हे दहा वर्षांच्या मुलालाही कळतं.

आमच्या घिवली गावातल्या लोकांना तर प्रतापगडापर्यंत जायचीही गरज नाही. तारापूरचा किल्ला हाकेच्या अंतरावर आहे. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने तो पोर्तुगीजांकडून घेतला, त्या लढाईत मराठा सरदार बाजी भिवराव रेठरेकर पडले. यंदा तारापूरच करा. तटाच्या आत चर्च दाखवा, त्यावर क्रूसही दाखवा, कारण तो तिथे होता. पोर्तुगीज अमलातली धर्माची सक्ती फलकावर लिहा, वसईच्या चर्चची घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात गेली तेही लिहा. फक्त त्या क्रूसावर फटाका लावू नका. तो आजही वसईतल्या कुणाच्या तरी आजीच्या गळ्यात आहे. मे १७३९ मध्ये वसई पडली तेव्हा चिमाजी अप्पांनी पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांसह, मानाने बाहेर पडू दिलं आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्म पाळण्याची मुभा दिली. हजारो माणसं गमावून जिंकलेल्याने हे केलं. आपण अंगणात जिंकणारे, आपल्याला एवढंही जमू नये?

शत्रू कसा दाखवायचा, हा प्रश्न युद्धाचा खेळ गांभीर्याने खेळणाऱ्यांनी आधीच हाताळला आहे. १८२४ च्या सुमारास प्रशियाच्या सैन्यात रायस्वित्झ या अधिकाऱ्याचा युद्धखेळ रुजला, त्यात एक बाजू निळी आणि दुसरी लाल. कुणालाही कुठल्याही बाजूने बसावं लागे, प्रतिस्पर्ध्याच्या डोक्याने विचार करावा लागे. चिन्हांच्या बाबतीतही अशी काळजी घेता येते. जर्मनीत आज नाझी चिन्हांवर कायद्याने बंदी आहे; इतिहास शिकवण्यासाठी, कलेसाठी ती दाखवता येतात, मिरवता येत नाहीत. आपल्याकडे मात्र २००६ मध्ये नवी मुंबईत एका उपाहारगृहाला हिटलरचं नाव दिलं गेलं आणि ज्यू समाजाने आक्षेप घेतल्यावर ते बदलावं लागलं. कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतकं राहिलेल्या बेने इस्रायलींच्या दारात आपण हे केलं!

किल्ले स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना म्हणूनच माझी कळकळीची विनंती आहे. परीक्षकांनी बुरुजांइतकेच गुण फलकावरच्या खऱ्या माहितीला द्यावेत. शत्रूची चित्रं त्याच्या काळातल्या पोशाखात, त्याच्या राज्याच्या निशाणाखाली असावीत. नाट्यातल्या भूमिका चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात. खान कुणीही होईल, मावळाही कुणीही होईल. आणि निकालाच्या दिवशी वस्तीतल्या सगळ्या घरांना, अगदी सगळ्या, किल्ला बघायला बोलवावं. ज्या घराला बोलवायला संकोच वाटेल, त्या घराला दुखवणारं काहीतरी देखाव्यात आहे असं समजा आणि ते आदल्या रात्रीच काढून टाका.