संयम माझा की जागेचा?

आजचं वाचन गीतेचा सहावा अध्याय, श्लोक १६-१७. अति खाणाऱ्याला योग साधत नाही, अजिबात न खाणाऱ्यालाही नाही.

शेगावला महाप्रसादाला बसलो की मी पोटापुरतंच घेतो, ताटात शीत उरू देत नाही. घरी टीव्हीसमोर मात्र चौथी पोळी कधी संपली कळतच नाही. भूक तीच, माणूसही तोच! मग तो संयम माझा, की त्या जागेचा?

२३ फेब्रुवारी १८७८ ला महाराज प्रथम दिसले ते देविदास पातुरकरांच्या घराबाहेर, उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचताना. त्यांना जागा कोणतीही चालली. आपल्याला जागाच चालवते.

म्हणून कालपासून ताट स्वयंपाकघरात, पाटावर. सौ. हसली. तीन पोळ्यांवर उठलो खरा, पण कान बाहेरच्या टीव्हीकडेच होते.