शितावरून भाताची परीक्षा

भात शिजला की नाही हे पाहावयाचे तर आपल्या मायबहिणी पातेल्यातले एक शीत बोटांनी चेपून पाहतात. सगळा भात कोणी चिवडीत बसत नाही. पाहिलेल्यावरून न पाहिलेले ठरवावयाचे, यालाच शास्त्रात अनुमान म्हणतात. सज्जनहो, ह्यावाचून आपला एक दिवस निभत नाही. मृगात पेरणारा शेतकरी पुढचा पाऊस डोळ्यांनी पाहून थोडाच पेरतो?

अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’त सांगितले आहे, की माणूस स्वयंपाकघरात वारंवार धुराबरोबर विस्तव पाहतो; मग डोंगरावर धूर दिसला की तेथेही विस्तव आहे असे जाणतो. ह्या नित्य सोबतीचे नाव व्याप्ती. पण पुष्कळदा पाहिले एवढ्याने व्याप्ती सिद्ध होते काय? युरोपातल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पांढरेच हंस पाहिले. १६९७ साली डच खलाशांना ऑस्ट्रेलियात काळे हंस दिसले, आणि सारा निश्चय कोसळला!

म्हणून नैयायिक उपाधी शोधावयास सांगतात. उपाधी म्हणजे आड दडलेली अट. ‘विस्तव तेथे धूर’ म्हणाल तर फसाल. लोहाराचा तापून लाल झालेला गोळा पाहा. विस्तव आहे, धूर नाही. धुराला ओले सरपण लागते, ती अट आपण विसरलो.

मग कशावरच विश्वास ठेवू नये की काय? चार्वाक अनुमान मानीतच नाही. पण १४ व्या शतकातल्या गंगेशोपाध्यायांनी अशा शंकेखोराला बरोबर धरले आहे. बाबा रे, धूर हवा असता तू विस्तवच का पेटवतोस? भूक लागली की अन्नाकडेच का धावतोस? तुझी शंका तुझ्याच वागण्यात टिकत नाही.

आता मुद्द्याचे बोलू. मुक्कामात एकाच्या वहाणा गेल्या, की आपण म्हणतो, ‘ते गावच चोरांचे.’ एक मनुष्य खोटे बोलला, की ‘ती जातच तसली.’ अहो, शितावरून भात कळतो तो का? पातेले एक, पाणी एक, जाळ एक, म्हणून! माणसे का एका पातेल्यात शिजली आहेत? एकाच आईची दोन लेकरे सारखी निघत नाहीत.

भाताचा अंदाज चुकला तर पातेले पुन्हा चुलीवर ठेवता येते. माणसाला चोर ठरविले तर त्याच्या निरपराध पोराला पाणी मागताना दार लावले जाते. तेव्हा शीत चेपण्याआधी एवढेच विचारावे: पातेले एक आहे ना?