हक्क आणि नम्रता

हक्क मागणारे माणूस नम्र असू शकते काय? प्रश्न साधा दिसतो. परंतु आपल्या कुटुंबांतून त्याचे उत्तर फार घाईने दिले जाते. ‘आपण मागू नये, देणाऱ्याने द्यावे’ ही शिकवण आपण मुलींना लहानपणापासून देतो. मुलग्यांना ती तितक्याच कळकळीने दिली जाते, असे मात्र नाही. नम्रता हा खरोखरच सद्गुण असेल, तर तो घरातील निम्म्याच माणसांच्या वाट्याला का यावा? या प्रश्नाचा विचार रमाबाई रानडे यांच्या चरित्राच्या आधारे करावासा वाटतो.

रमाबाईंचा विवाह १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. वधूला अक्षरओळख नव्हती. रानड्यांनी तिला मराठी व पुढे इंग्रजी शिकविण्यास आरंभ केला आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष त्या मुलीवर कोसळला. टोमणे, अबोला, अपमान हे सारे तिने सोसले. पतीच्या हुद्द्याचा आधार घेऊन तिने कोणाला नमविले नाही. रमाबाईंनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आठवणी ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना ही सोशिकता ठाऊक आहे. नम्रतेचा याहून मोठा दाखला कोठे शोधावा?

आणि तरीही याच रमाबाई पुढे मागण्या घेऊन उभ्या राहिल्या. १९०१ साली त्यांना वैधव्य आले. त्यानंतर मुंबई आणि पुणे येथील सेवासदनाच्या कार्याला त्यांनी स्वतःला वाहून घेतले. पुणे नगरपालिकेच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणात मुलींचाही समावेश व्हावा, म्हणून त्यांनी स्त्रियांना संघटित केले. १९२१-२२ या काळात मुंबई इलाख्यातील स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीचे त्यांनी नेतृत्व केले. स्वतःवरील अन्यायाबद्दल मौन पाळणारी स्त्री इतरांवरील अन्यायाबद्दल बोलू लागली. यात विसंगती आहे काय? मला वाटते, नाही. स्वतःचे दुःख गिळणे ही नम्रता असू शकते. परंतु दुसऱ्याचे दुःख गिळून टाकणे ही नम्रता नव्हे, ती केवळ सोय होय.

त्या चळवळीची पार्श्वभूमी थोडक्यात पाहू. १९१९ साली हिंदुस्थानच्या राज्यकारभाराचा नवा कायदा ब्रिटिश पार्लमेंटपुढे होता. त्या वेळी मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची कन्या मिठन यांनी लंडनला जाऊन स्त्रियांची बाजू मांडली. पार्लमेंटने निर्णय प्रांतिक कायदेमंडळांवर सोपविला. १९२१ साली प्रथम मद्रास आणि नंतर मुंबई इलाख्याने स्त्रियांवरील बंदी उठविली. मात्र मतदानासाठी मालमत्तेची अट होतीच. मालवण तेव्हा इलाख्याच्या रत्नागिरी जिल्ह्यात होते. शेजारची सावंतवाडी संस्थानात होती. त्यामुळे एकाच किनाऱ्यावरील काही मोजक्या स्त्रिया त्या कायद्याच्या कक्षेत आल्या आणि डोक्यावर मासळीची पाटी घेऊन बाजार गाठणारी निर्धन स्त्री दोन्हीकडे बाहेरच राहिली. सर्वांना समान मत मिळाले ते स्वतंत्र भारताच्या संविधानाने.

कोणी म्हणेल, मागणीतून कलह जन्मतो. इंग्लंडकडे बोट दाखविता येईल. एमेलिन पँकहर्स्ट यांनी १९०३ साली स्थापन केलेल्या संघटनेच्या स्त्रियांनी पुढे खिडक्या फोडल्या, आगी लावल्या आणि तुरुंगात उपोषणे केली. चांगल्या साध्यासाठी वाईट साधन वापरता येत नाही, हे नीतिशास्त्राचे तत्त्व त्यांनाही लागू आहे. परंतु साधन चुकले म्हणून मागणी खोटी ठरत नाही. त्याच देशात १९११ साली कॅथलिक स्त्रियांनी मताधिकारासाठी स्वतंत्र संस्था स्थापन केली आणि सनदशीर मार्गाने काम केले. १९१८ साली तेथे तीस वर्षांवरील काही स्त्रियांना आणि १९२८ साली पुरुषांच्या बरोबरीने सर्व प्रौढ स्त्रियांना मत मिळाले. दुसरा कायदा होण्याच्या थोडेच दिवस आधी पँकहर्स्ट यांचे निधन झाले होते.

पवित्र शास्त्र याविषयी मुके नाही. गणना या पुस्तकात सलाफहादाच्या पाच कन्या मोशे आणि साऱ्या मंडळीसमोर उभ्या राहून पित्याच्या वतनात वाटा मागतात. परमेश्वर त्यांना उद्धट म्हणत नाही. त्यांचे म्हणणे रास्त ठरवितो आणि त्यांच्यासाठी नियम घालून देतो. प्रभू येशूने अखंड प्रार्थनेचा आदर्श म्हणून निवडली ती न्यायाधीशाची पाठ न सोडणारी विधवा. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली लिंगभेदावर आधारलेला पक्षपात ईश्वरी योजनेशी विसंगत असल्याचे सांगितले, त्याचे मूळ येथेच आहे.

मग त्यागाचे काय? त्याग श्रेष्ठ आहेच. परंतु माणूस स्वतःच्या मालकीच्या वस्तूचाच त्याग करू शकतो. जे कधी हाती दिलेच नाही, त्याचा त्याग कसा व्हावा? आणि बहिणीच्या हक्कावर भावाने पाणी सोडले, तर तो त्याग नव्हे, ते अपहरण होय. प्रथम हक्क द्यावा. मग तो वापरावा की सोडावा, हे तिच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोपवावे. नम्रता ही दुसऱ्यावर लादता येत नाही. लादताक्षणीच तिचे नाव बदलते.

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशभरातील सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मतदार याद्यांतून गळली; कारण स्वतःचे नाव सांगण्याऐवजी त्यांनी ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढेच सांगितले होते. कायद्याने दिलेला हक्क घराच्या सवयीने परत घेतला. ती सवय आज संपली आहे काय? महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांतील निम्म्या जागा २०११ पासून स्त्रियांसाठी राखीव आहेत. तरी सरपंचबाईंच्या खुर्चीमागे उभे राहून बोलणारा नवरा सर्वांच्या परिचयाचा आहे. कोणते बटण दाबायचे, हे मतदानाच्या आदल्या रात्री घरातील पुरुषाने सांगावे आणि इतरांनी ऐकावे, हीही रीत अपरिचित नाही. बंदरावर मासळीचा भाव ठरविणाऱ्या, परदेशी गेलेल्या पतीमागे सारा संसार सांभाळणाऱ्या स्त्रीला मत तेवढे कळत नाही, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे?

मत हे देवाने दिलेल्या विवेकबुद्धीचे नागरी रूप आहे. एकाची विवेकबुद्धी दुसरा वापरू शकत नाही. पती पत्नीची नाही, पिता कन्येची नाही, आणि धर्मगुरू धर्मग्रामस्थांचीही नाही. आपल्या घरातील स्त्रीला तिचे मत विचारावे, ते शांतपणे ऐकावे आणि ते आपल्याहून वेगळे निघाले तरी तिच्यावर रागावू नये. एवढे ज्या पुरुषाला साधले, तो नम्रतेचा पहिला धडा शिकला. आजवर तो धडा आपण फक्त मुलींनाच देत आलो.