वर्गणी कोणाच्या नावाने?

मुलीची परदेशातील नृत्यस्पर्धेसाठी निवड होते आणि तिचे वडील मिस्सानंतर चर्चच्या आवारात वर्गणीचे पुस्तक घेऊन उभे राहतात. यात कमीपणा मानण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. नाच म्हणजे चैन, असेही कोणी म्हणू नये. २०१५ साली सॅन डिएगोत जागतिक हिप हॉप स्पर्धेचे कांस्यपदक मिळवणारा आणि २०१९ साली अमेरिकेत ‘वर्ल्ड ऑफ डान्स’ जिंकणारा ‘किंग्ज’ संघ आपल्याच वसई-नालासोपारा भागात घडला.

प्रश्न वेगळाच आहे. पैसे आपण देतो, पण ऋण कोणाच्या माथी बसते? पुस्तकावर फोटो मुलीचा असतो. मग घरी ऐकू येते, ‘एवढ्या लोकांनी दिलेत, आता नाव काढ!’ बारा वर्षांच्या पोरीने कर्ज मागितलेच नव्हते. उद्या तिला नाच सोडावासा वाटला, तर तेही बोलायची चोरी. परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिले जाते ते दान, असे संत थॉमस अ‍ॅक्विनस शिकवतात. पदकाची अपेक्षा हीसुद्धा परतफेडच नव्हे का? शंभराची नोट देऊन ‘कितवी आली?’ विचारणारे आपल्यात थोडे नाहीत.

म्हणून वडिलांनी स्वतःच्या नावाने मागावे : ‘मला कमी पडतात, हातभार लावा.’ अमेरिकेचा व्हिसा नाकारला गेला तरी त्याची फी परत मिळत नाही, हेही देणाऱ्यांना आधीच सांगावे. परत आल्यावर हिशेब मोठ्यांनी मोठ्यांना द्यावा. पोरीला फार तर तिकडचे जेवण कसे होते, एवढे विचारावे.