चूक कोणाची, काम कोणाचं

2022 च्या पावसाळ्यातली गोष्ट. पॉवर प्रेसवर काम करणारा पंचवीस वर्षांचा एक तरुण समोर येऊन बसला. उजव्या हाताला बँडेज, डाव्या हातात कागदांची प्लॅस्टिकची पिशवी. तर्जनी आणि मधलं बोट गेलं होतं. जखमी कामगारांना भरपाईचे अर्ज लिहून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. आलेला माणूस सुरुवात कशाने करणार, हे मला एव्हाना ठाऊक असतं. तोही तसंच बोलला, "साहेब, चूक माझीच होती. हात काढायला उशीर झाला."

मशीनचा सेफ्टी गार्ड काढून ठेवला होता, कारण गार्ड असला की माल कमी निघतो. कामाचा अकरावा तास चालू होता. हे त्याने नंतर सांगितलं, तेही मी खोदून विचारलं तेव्हा. आधी त्याने स्वतःला दोषी ठरवून टाकलं होतं.

ही सवय त्याची एकट्याची नाही. एके काळी न्यायालयंही असाच विचार करत. 1837 साली इंग्लंडमध्ये एका खाटकाचा नोकर मालकाच्या गाडीवरून माल घेऊन निघाला होता. गाडीत वाजवीपेक्षा जास्त माल भरला होता. ती मोडली आणि त्याची मांडी मोडली. तो दाद मागायला गेला आणि शेवटी हरला. गाडी किती भरली आहे हे नोकरालाही दिसत होतंच, तो काम नाकारू शकला असता, असा न्यायालयाचा तर्क. नोकरी गमावून जेवायचं काय, हा प्रश्न त्या तर्कात कुठेच नव्हता. पुढे याच विचारातून नियम पक्का झाला की, सोबतच्या कामगाराच्या हलगर्जीमुळे इजा झाली तर मालकावर जबाबदारी नाही.

वाफेची यंत्रं आली आणि हा विचार तोकडा पडू लागला. हजारो माणसं पट्टे आणि चक्रांमध्ये दहा-बारा तास उभी राहिली की कोणाचा ना कोणाचा हात अडकणारच. कोळसा आणि तेलाचा खर्च मालक धरतो, तसा हाही उत्पादनाचाच खर्च आहे, ही जाणीव हळूहळू झाली. जुलै 1884 मध्ये जर्मनीने कामगारांच्या अपघात विम्याचा कायदा केला आणि त्याचा भार मालकांवर टाकला.

त्याच वर्षी, सप्टेंबर महिन्यात, मुंबईत परळला गिरणी कामगारांची सभा भरली. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती भरवली होती. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी आपल्याला शाळेपासून माहीत असते. आणखी एका मागणीबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही. काम करताना गंभीर इजा झाली तर बरं होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा, आणि जन्माचं अपंगत्व आलं तर पोटापाण्याची सोय करावी. चूक कोणाची, याची अट त्या मागणीत नव्हती. इंग्लंडच्या संसदेने कामगार भरपाईचा कायदा केला 1897 साली. आपल्याकडे तो 1923 साली झाला आणि 1 जुलै 1924 पासून लागू झाला. परळच्या त्या माणसांना चाळीस वर्षं वाट पाहावी लागली.

1923 च्या कायद्याने विचारायचा प्रश्नच बदलला. अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला का, एवढंच पाहायचं. कामगाराचं लक्ष क्षणभर उडालं म्हणून त्याचा हक्क जात नाही. नशा केली, सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडला, असे मोजके अपवाद आहेत. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर तेही आड येत नाहीत. 1948 च्या कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) कायद्याने हीच कल्पना विम्यात आणली. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही मूळ तत्त्व तेच ठेवलं.

मग पुढचा प्रश्न, किती? कायद्याच्या परिशिष्टात अवयवांचे टक्के आहेत. अंगठा 30, एका हाताची दोन बोटं 20. वाचताना अंगावर काटा येतो. 1975 साली सर्वोच्च न्यायालयासमोर एका सुताराचा दावा होता. डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून न्यायालयाने त्याची हानी शंभर टक्के धरली. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हेही सांगितलं. शरीरातून काय गेलं, यापेक्षा हातातलं कोणतं काम गेलं, हे महत्त्वाचं ठरलं.

त्या तरुणाच्या पिशवीत एक स्टॅम्प पेपर होता. तीस हजार रुपये मिळाले, आता काही तक्रार नाही, असा मजकूर आणि खाली सही, डाव्या हाताची. सात-आठ माणसांचं वर्कशॉप, त्यामुळे ईएसआय लागू नव्हता. मी हिशोब मांडून दाखवला. पगार पंधरा हजारांच्या वर, म्हणून मर्यादेप्रमाणे पंधरा हजार धरायचे. त्याचे साठ टक्के नऊ हजार. पंचविसाव्या वर्षाचा गुणांक 216.91. येणाऱ्या रकमेचे वीस टक्के म्हणजे 3,90,438 रुपये. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायदा मानत नाही, हेही सांगितलं. दावा दोन वर्षांच्या आत लावायचा, दवाखान्याचे कागद आणि पगाराचा पुरावा जपून ठेवायचा, पैसे देण्यात महिन्याहून जास्त उशीर झाला तर मालकाला बारा टक्के व्याज पडतं.

तो बराच वेळ आकड्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "पण चूक माझी होती ना?"

मी छापील अर्ज त्याच्यापुढे सरकवला. त्यात अपघाताचं कारण थोडक्यात, साध्या भाषेत लिहायचं असतं. चूक कोणाची, असा रकानाच नाही. तो रकाना कागदावरून काढायला जवळजवळ एक शतक लागलं. माणसांच्या मनातून तो काढायचं काम अजून आपल्याकडे बाकी आहे. मी विचारलं, "त्या वेळी तू कोणाचं काम करत होतास?"

"शेठचं," तो म्हणाला. मी लिहायला सुरुवात केली.