झाले ते आणि व्हायचे ते

भोगीच्या दिवशी सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेत तळ्याकाठी, सम्मती कट्ट्यापाशी, सात नंदीध्वजांच्या साक्षीने सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह लागतो आणि हजारो हातांतून अक्षता पडतात. बाराव्या शतकातल्या महापुरुषाचा हा विवाह दरसालच्या शिरस्त्याने नव्याने लागत असल्यामुळे, जे एकदा घडले त्याचे आणि जे पुनःपुन्हा घडते त्याचे काळाशी नाते एकच काय, असा प्रश्न विचारी मनुष्यास पडल्यावाचून राहत नाही.

न्यूझीलंडात जन्मलेल्या आर्थर प्रायर या तत्त्वज्ञाने गेल्या शतकाच्या मध्यास अशा प्रश्नांसाठी एक तर्कशास्त्रच रचले. कोणत्याही विधानास ‘पूर्वी केव्हातरी’, ‘पूर्वी सदैव’, ‘पुढे केव्हातरी’ किंवा ‘पुढे सदैव’ हे कारक जोडावे, आणि हवे तर एकावर दुसरा चढवावा, एवढीच त्याची सामग्री. आज अक्षता पडली, की ‘ती पूर्वी केव्हातरी पडली’ हे पुढे सदैव खरे. यात्रा अखंड चालेल याचा अर्थ मात्र ‘पुढे सदैव, त्याहीपुढे केव्हातरी’ अक्षता पडेल, असा होतो. आणि गतकाळाचे कितीही दाखले जमवले तरी त्यांतून हे निष्पन्न होत नाही. त्यासाठी यात्रेआधी तरुणांना नंदीध्वज पेलण्याचा सराव करावा लागतो.

खरा वाद याच्या उलट बाजूस आहे: आज जे घडले ते ‘पुढे घडणार’ हे पूर्वी सदैव खरे होते काय? प्रारब्धवादी ‘होय’ म्हणेल. प्रायरचा कल, १९६७ च्या आपल्या ग्रंथात, हे नाकारण्याकडे होता, कारण जे अद्याप अनिश्चित आहे त्याविषयी ‘घडणार’ हे विधान त्याच्या मते खरे ठरत नाही.

हा काथ्याकूट निव्वळ पंडिती नव्हे. १२ जानेवारी १९३१ रोजी, संक्रांतीच्या तोंडावर, मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन व श्रीकिसन सारडा या चौघा सोलापूरकरांस येरवड्यास फाशी देण्यात आली. ती दिली गेली हे कोणत्याही सरकारच्या हुकुमाने पुसता येत नाही. झालेले न झालेले करणे देवासही अशक्य, हे अगाथॉन कवीचे मत ॲरिस्टॉटलनेही संमतीने नमूद केले आहे. परंतु ती फाशी होणारच होती असे एकदा मान्य केले, की ब्रिटिश सरकारने सोलापुरावर लादलेल्या मार्शल लॉचा अंमल बजावणाऱ्यापासून शिक्षा फर्मावणाऱ्यापर्यंत सर्वजण नियतीचे निव्वळ कारकून ठरतात आणि चौघांच्या धैर्याचे मोलही त्याच हिशेबात बुडते. म्हणून जो धर्म मनुष्यास कर्माचा जाब विचारतो, त्याने भूतकाळ अढळ मानावा, पण तीच अढळता भविष्यास बहाल करू नये.