देश, काळ, पात्र

दिवाळीत बोरिवली-मुलुंडच्या बाजारातून एडीएचडी असलेल्या भाचीसाठी डायरी घेतली जाते, ती ‘आता तरी नीट लिहून ठेव’ या आशेने. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दान देश, काळ, पात्र पाहून आणि परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले असते. ही कसोटी मला भेटवस्तूलाही लावावीशी वाटते, कारण सुधारणेची अपेक्षा हीसुद्धा परतफेडच. एडीएचडीत इच्छाशक्ती कमी नसते. लक्ष वळवणे, वेळेचा अंदाज घेणे, हातातले काम ध्यानात धरणे कठीण जाते. म्हणून उरलेला वेळ डोळ्यांना दिसेल असे घड्याळ, घाटकोपर स्थानकाच्या गोंगाटात उपयोगी पडणारा हेडफोन, किंवा सध्या तिला ज्यांचे वेड आहे ते रंग द्यावेत.

‘पात्र’ म्हणजे योग्यता, गरज नव्हे, असे कुणी म्हणेल. शब्दार्थाने ते बरोबर आहे. पण दोन्ही अर्थांत देणाऱ्याला घेणारा ओळखावाच लागतो. याहून गंभीर आक्षेप असा की, अशी भेट चारचौघांत तिची अडचण उघडी पाडते. तो मला मान्य आहे. अवहेलनेने दिलेले दान त्याच अध्यायात तामस ठरते. तेव्हा आधी तिलाच विचारावे, भेट एकांतात द्यावी, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत ती खणात पडून राहिली तरी चौकशी करू नये.